धाकटीचे पंधरा किलो

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नुसता भुंगा ऐकू येतो हे माहीत असूनही परवा मी दहा मिनिटं ओरडत होते. शेवटी तुमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंनी फोन हातात घेतला आणि "अहो, पत्र लिहा, ते चारदा वाचतील" म्हणाल्या. म्हणून हे पत्र. सोबत दुसरं तिकीट पाठवते आहे, पहिल्याच्याच पाकिटात ठेवा.

झालंय असं, की माझ्या चष्म्याच्या दुकानाची एक शाखा लहान गावात आहे आणि माझी तिथे बदली झाली. त्यामुळे आम्ही शहरातलं घर सोडलं. तुमचं १९ मार्चचं विमान तुम्हाला शहरापर्यंतच आणणार. तिथून पुढे तासाभराचं एक छोटं विमान आहे, ते वेगळ्या कंपनीचं.

आता सामानाचं नीट वाचा. पहिली कंपनी तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा नेऊ देते. दुसरी एकच, तीही पंधरा किलोंची. हातात सात किलो दोघींकडेही चालतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असते तर पहिलीचा नियम शेवटपर्यंत चालला असता आणि बॅगही परस्पर पुढे गेली असती. पण आपण दुसरं तिकीट मागाहून काढलं, त्यामुळे या कंपनीला त्या कंपनीची ओळखदेख नाही. शहरात उतरलात की पट्ट्यावरून बॅग घ्यायची, बाहेर यायचं, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर ती पुन्हा वजन करून द्यायची. विमान सुटायच्या पाऊण तास आधी काउंटर बंद होतं. मध्ये साडेतीन तास आहेत, पण रेंगाळू नका.

थोडक्यात, बॅगेत सगळं मिळून पंधरा किलो. तुमचा छटाक कामात आहे, म्हणून मी लिहिते आहे. तो नमस्कार सांगतो.

तुमची,
सूनबाई


१४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा नाही, सहादा वाचलं. मास्तरीणबाईंनी दोनदा वाचून दाखवलं ते वेगळंच. शाळेतल्या सवयीने त्या मोठ्याने वाचतात, त्यामुळे तुझी बदली आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.

दोन कंपन्यांचं मला नीट समजलं. थोरलीचा हात सढळ आणि धाकटी कवडीचुंबक. अशा दोन जावा एका घरात नांदल्या की मधल्या माणसाचे हाल व्हायचेच. तेवीस दुणे सेहेचाळीस किलो घेऊन निघालेल्या माणसाने वाटेत एकतीस किलो काय हवेत सोडायचे? पण तू म्हणतेस तसंच करतो. एकतीस वर्षं वजनमाप खात्यात दुकानदारांचे काटे तपासले, आता माझंच सामान जास्त भरलं तर नाक कापलं जाईल.

तुझ्या घरी असतो तसला न्हाणीघरातला काटा मी वापरत नाही. त्याच्यावर उभं राहून पाय हलवला की माणूस दोन किलोंनी उतरतो. माझा टांगता काटा माळ्यावरून काढला, पुसला, शून्यावर आणला. आतापर्यंतचा हिशेब असा: रिकामी बॅग तीन किलो दोनशे. छटाकच्या आईने विणलेली लोकरीची मोठी चादर दोन किलो चारशे. ही तिने त्याच्यासाठीच विणायला घेतली होती आणि शेवटच्या ओळी मास्तरीणबाईंनी पूर्ण केल्या, त्यामुळे एक कडा जरा घट्ट आहे. माझे कपडे, औषधं, दाढीचं सामान. त्याचा लाकडी बुद्धिबळाचा डाव, सोंगट्यांच्या बुडात शिसं आहे, दीड किलो. आणि त्याच्यासाठी चालायचे बूट घेतलेत, एक किलो दोनशे. तुमच्या नव्या गावात संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ. शहरात त्याला कधी सवडच नसायची.

एक विचारतो. बदली तुझी झाली, मग त्याच्या कामाचं काय? पूल बांधणाऱ्यांच्या कचेरीत नकाशे काढणारा माणूस लहान गावात काय काढतो? आणि तो दोन ओळी का लिहीत नाही? बाप बहिरा झालाय, आंधळा नाही झालेला.

तुझा,
बाबा


२२ फेब्रुवारी

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

त्याचं काम घरूनच चालतं. नकाशे हल्ली संगणकावर काढतात, माणूस कुठेही बसला तरी चालतो. तुम्ही काळजी करू नका.

सामानातून दोन गोष्टी कमी करा असं सुचवते. बुद्धिबळ राहू द्या, चादर तर आणाच, इथे गारठा आहे आणि त्याला थंडी फार वाजते. पण बूट नकोत. त्याच्याकडे आहेत, शिवाय मापाचा घोळ होतो. तुमचा जाड कोटही बॅगेत घालू नका, अंगात घाला. अंगातल्या कपड्यांना कुणी काट्यावर चढवत नाही.

मी धाकटीच्या (नाव आवडलं, आता आम्हीही तेच म्हणतो) कचेरीत फोन केला होता. त्यांच्या बाईंनी सांगितलं की एक किलो जरी जास्त भरला तरी तो काढावा लागतो, नाहीतर वर पैसे भरावे लागतात. त्या म्हणाल्या, माणसं काउंटरसमोर बॅगा उघडून बसतात आणि मग रांग तुंबते. तुमच्यावर ती वेळ नको. चौदा किलोंपर्यंतच भरा.

खाली त्याच्या दोन ओळी आहेत.

सूनबाई

*बाबा, ये लवकर. डावात मी काळ्या घेणार. हाताला जरा लागलंय म्हणून अक्षर असं. — छटाक*


५ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

बॅग भरून झाली. चौदा किलो आठशे. चौदा म्हणालीस, पण पंधराची मुभा असताना दोनशे ग्रॅम सोडले हेच पुष्कळ झालं. कोट अंगात घालतो. माझे दोन सदरे आणि जाड पुस्तक काढलं. बूट ठेवलेत. तुला राग येईल, येऊ दे. माप मला माहीत आहे, त्याच्या वयाच्या सोळाव्या वर्षापासून ते बदललेलं नाही. जन्मला तेव्हा दोन किलोंचाही नव्हता, सुईणीने छटाकभर पोर म्हणून हातात दिला आणि तेच नाव पडलं. पाय मात्र पहिल्यापासून लांब.

त्याच्या दोन ओळी बघितल्या. त्याचं अक्षर म्हणजे छापील. नकाशावर आकडे घालणारा माणूस, त्याची ओळ कधी रेषेखाली गेली नाही. ही ओळ उताराला लागली आहे आणि शेवटचा शब्द कागदाच्या काठावरून पडायच्या बेतात आहे. हाताला किती लागलंय? कोणत्या हाताला? तुम्ही दोघं जे सांगता त्यात मला कुठेतरी तूट दिसते. दुकानदार काटा मारतो तेव्हा तो असाच फार गोड बोलतो. रागावू नकोस, सवय आहे.

असो. येतोच आहे, डोळ्यांनी बघेन.

मास्तरीणबाई घराची किल्ली ठेवणार आहेत. त्यांनी मला एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय: "मला ऐकू कमी येतं. विमानाची वेळ झाली की कृपया खांद्याला हात लावा." गळ्यात अडकवायला दोरी लावली आहे. मी म्हटलं, हरवलेल्या शेळीसारखा दिसेन. त्या म्हणाल्या, "हरवण्यापेक्षा दिसलेलं बरं."

बाबा


९ मार्च

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही निघण्याआधी पोचावं म्हणून आज लगेच टाकते आहे. बाबा, बॅग आणू नका. काहीच आणू नका. हातात मावेल तेवढंच घ्या, औषधं आणि एक जोडी कपडे. बाकी सगळं इथे मिळतं.

बॅग नसली की पट्ट्यापाशी थांबावं लागत नाही, काउंटरवर वजन करावं लागत नाही. सरळ पुढच्या विमानापाशी जायचं. मला तुम्ही त्या दिवशी दुपारीच इथे हवे आहात.

चादर हातातल्या पिशवीत मावली तर आणा. नाही मावली तरी चालेल.

सूनबाई


९ एप्रिल

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

मी परवा घरी पोचलो. प्रवास नीट झाला. मास्तरीणबाईंनी कुलूप उघडून दिलं आणि त्या आत आल्या नाहीत, दारातूनच परतल्या.

दाराच्या फटीतून टाकलेलं टपाल जमिनीवर पडलं होतं. त्यात तुझं ९ मार्चचं पत्र होतं. मी निघाल्यावर आलेलं. उभ्या उभ्या वाचलं.

वीस दिवस झाले त्याला जाऊन. आकडा लिहिला की खरा वाटतो, एरवी नाही. विमानतळाच्या दारात तू एकटी उभी होतीस, तेव्हाच मला समजलं होतं. पण समजणं वेगळं. तुझ्या घरी पंधरा दिवस राहिलो, तू रोज सकाळी चहा दिलास, दवाखान्याचे कागद दाखवलेस, गाठ कुठे होती, कधी कळली, सगळं सांगितलंस. बदली तू स्वतःच मागून घेतली होतीस, तिथला दवाखाना चांगला म्हणून तुम्ही गेलात, तेही सांगितलंस. मी मान हलवत राहिलो. एक विचारायचं राहिलं. तुझ्या तोंडाकडे बघून विचारवलं नाही, म्हणून कागदावर विचारतो.

शेवटी तो काही म्हणाला का? माझ्याबद्दल असं नाही. काहीही.

बाबा


२० एप्रिल

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

म्हणाला. सकाळी जाग आली तेव्हा मी सांगितलं की बाबा पोचतायत, दुपारपर्यंत येतील. तेव्हा तो म्हणाला, "दमून आले असतील, आधी बसा म्हणावं." मग डोळे मिटले. त्यानंतर तासाभरात गेला. त्रास झाला नाही.

आता मला माझं सांगू द्या. तुम्ही घरात होतात तेव्हा धीर झाला नाही. तुम्हाला कळवू नको असं त्यानेच बजावलं होतं. आईंच्या वेळी तुम्ही सहा महिने खुर्चीत बसून काढलेत, ते पुन्हा तुमच्या वाट्याला नको असं म्हणायचा. डॉक्टर दोन महिने म्हणाले होते. मग एक महिना म्हणाले. ९ मार्चला मी त्याला न विचारता तुम्हाला लिहायला बसले आणि तेव्हाही खरं लिहू शकले नाही. बॅग आणू नका एवढंच लिहिलं. त्याऐवजी "तो जातोय, असाल तसे या" एवढं एक वाक्य मास्तरीणबाईंना फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही बॅगेकडे बघितलं तरी असतंत का?

तुमची बॅग पट्ट्यावर उशिरा आली आणि विमान चुकलं. त्या बॅगेसाठी तुम्ही थांबलात, कारण मी तुम्हाला थांबू दिलं. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी तो जागा होता, बाबा. चांगला तीन तास जागा होता. उशा लावून बसला होता. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

माझी चूक आहे. मी ती कुणावर ढकलत नाही.

बूट मी दवाखान्यातल्या एका वॉर्डबॉयला दिले. त्याला बरोबर बसले.

सूनबाई


२ मे

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. आज उठणार नाही.

बॅग पट्ट्यावर उशिरा आली नव्हती. ते मी तुला विमानतळावर खोटं सांगितलं आणि मग पंधरा दिवस तेच सांगत राहिलो. थोरलीचं विमान दीड तास उशिरा पोचलं हे खरं. पण बॅग पहिल्या दहांत आली. बाहेर आलो, गळ्यात पुठ्ठा होता, लोकांनी वाट दाखवली. धाकटीच्या काउंटरवर पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला पस्तीस मिनिटं बाकी होती.

तिथल्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली. आकडा आला पंधरा किलो नऊशे.

मी म्हटलं, शक्य नाही. घरी चौदा आठशे होती, थोरलीच्या काउंटरवरही चौदा आठशे होती. ती मुलगी माझ्या पुठ्ठ्याकडे बघून मोठ्याने, सावकाश म्हणाली, "आजोबा, एखादी जड वस्तू काढून हातात घ्या." चांगली मुलगी होती. तिने स्वतः चेन उघडली, वरच बूट होते, तिने ते उचलून माझ्यापुढे धरले. "हे घ्या हातात, झालं काम."

मी बूट परत आत ठेवले आणि चेन लावली. मी म्हटलं, बॅग उतरवा, रिकाम्या काट्यावरचा आकडा दाखवा. तिने उतरवली. रिकाम्या काट्यावर एक किलो शंभर दिसत होतं. मी म्हटलं, तुमचा काटा खोटा आहे. ती म्हणाली, "असेल आजोबा, पण वेळ जातोय." मी म्हटलं, तुमच्या साहेबांना बोलवा. मागे रांग होती, लोक काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं, एवढाच बहिरेपणाचा फायदा. साहेब यायला वेळ लागला. ते आले, त्यांनी बघितलं, पुन्हा बॅग ठेवली, पुन्हा उतरवली, दुसऱ्या काउंटरवर नेली. तिथे चौदा आठशे. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि माफी मागितली. मी त्यांना काट्यावर पडताळणीचा शिक्का कधीचा आहे ते दाखवत होतो, तेवढ्यात त्या मुलीने माझ्या खांद्याला हात लावला. काउंटर बंद झालं होतं.

सूनबाई, मी बरोबर होतो. एका पैचीही चूक नव्हती माझी. आणि त्या पस्तीस मिनिटांत बूट हातात घेऊन मी विमानात बसू शकलो असतो. संध्याकाळी तो उशा लावून बसला होता तेव्हा समोर असतो.

तू विचारशील, का? माझी एकतीस वर्षांची सवय, हे एक उत्तर. दुसरंही एक आहे. त्याची ती उताराला लागलेली ओळ वाचल्यापासून मला काही माहीतच नव्हतं असं म्हणता येणार नाही. बाप आहे मी. पुढच्या विमानात बसलो की ते खरं होणार होतं. काट्याशी भांडत होतो तोवर नव्हतं. पण हे कारण मला मागाहून सुचलेलं असेल, स्वतःला बरं वाटावं म्हणून. नक्की सांगता येत नाही.

तुझी चूक नाही. हे वाचून तू मला लिहिणं बंद केलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

बाबा


१० जून

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. यायला हवं असं नाही. तू जेवतेस ना, दुकानात जातेस ना, एवढं मास्तरीणबाईंना फोनवर सांगितलंस तरी पुरे. त्या मला लिहून दाखवतील.

बाबा


२८ जून

बाबा,

मी जेवते. दुकानात जाते. लोकांच्या नाकावर चष्मे बसवते आणि "आता नीट दिसतंय का" विचारते.

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. एवढी चीड मला आयुष्यात कुणाची आली नव्हती. ती बूट काढून देत होती, बाबा. हातात देत होती. मी दीड महिना रोज मनात त्या काउंटरपाशी येऊन उभी राहते आणि तुम्हाला ओढते.

मला अजून राग आहे. तो जाईल की नाही मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?

पण खोटं मी एक सांगितलंय, आणि ते ठेवून तुमच्यावर रागावणं मला जमत नाही. तुमच्या पत्राने माझी ती सोय घालवली.

तो शेवटी काहीच म्हणाला नाही. त्या सकाळी तो जागाच झाला नाही. आदल्या रात्री झोपला तो झोपला. आणि तो गेला तेव्हा मी खोलीत नव्हते. तुमचं विमान चुकल्याचं काउंटरवरच्या त्या मुलीने आदल्या दिवशी फोनवर कळवलं होतं, सकाळच्या विमानात जागा दिली म्हणाली होती. पण तुम्हाला घोषणा ऐकू येत नाहीत. हेही चुकेल अशी मला धास्ती वाटली. म्हणून मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन धाकटीला फोन लावला, तुम्ही चढलात का विचारायला. त्यांनी मला थांबवून ठेवलं. पंचवीस मिनिटं मी फोन कानाला लावून त्यांचं वाजणारं गाणं ऐकत भिंतीला टेकून उभी होते. शेवटी एक बाई आली आणि म्हणाली, "हो, ते चढले आहेत." मी आत गेले. नर्स त्याचा हात पांघरुणाखाली ठेवत होती. तिने माझ्याकडे बघितलं.

सव्वा वर्ष मी त्याच्या उशाशी बसले आणि ती पंचवीस मिनिटं नव्हते.

तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे लिहवेना. "काही नाही" हे दोन शब्द तुम्हाला कसे पाठवायचे? म्हणून ते वाक्य रचलं. माफ करा.

तुम्ही इकडे येऊ नका, मीही इतक्यात येणार नाही. पण पत्रं बंद करू नका. त्याला छटाक म्हणणारं दुसरं कुणी मला उरलेलं नाही. दुकानात, दवाखान्यात, शेजारी, सगळे त्याचं कागदावरचं नाव घेतात आणि मला क्षणभर कळत नाही की हे कुणाबद्दल बोलतायत.

त्याच्याबद्दल मला माहीत नसलेलं काहीतरी लिहा. लहानसं असलं तरी चालेल.

सूनबाई


९ जुलै

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग असू दे. मी काही म्हणणार नाही.

त्या वाक्याचं सांगतो. ते त्याचं नाही हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच समजलं होतं. आम्ही बापलेक आल्या माणसाला "किती वाजता निघालात" विचारणारे. त्याची आई आयुष्यभर आमच्यावर याचसाठी चिडायची. "दमला असाल, आधी बसा," हे मला तू म्हणाली होतीस. विमानतळाच्या दारात. दोन तासांपूर्वी तुझा नवरा गेला होता आणि तू मला तिथल्या बाकाकडे हात करून तेच म्हणालीस, मग बाकीचं सांगितलंस. मला ऐकू आलं नाही, पण तुझे ओठ वाचता आले. तेव्हा ते वाक्य तुझं आहे हे माहीत असूनच मी ते ठेवून घेतलं. परत मागू नकोस.

आणि खोलीबाहेरच्या त्या पंचवीस मिनिटांबद्दल मी तुला काय सांगणार. ती तुला मी दिली. मी वेळेवर असतो तर तू फोन कशाला लावला असतास? यात तू माझ्याशी वाद घालू नकोस, हरशील.

आता तुला माहीत नसलेलं.

तुझ्याबद्दल त्याने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो सुट्टीवर घरी आला होता. जेवताना बोलला. आईने विचारलं, "मुलगी कशी आहे?" तो म्हणाला, "तिला खोटं बोलता येत नाही. बोलली की कान लाल होतात. तिला स्वतःला हे माहीत नाही, आणि तुम्ही सांगू नका, नाहीतर ती केस मोकळे सोडेल." आई म्हणाली, "एवढं बघून ठेवलंस म्हणजे ठरलंच म्हणायचं."

पुढे तीन महिन्यांनी तू आमच्याकडे पहिल्यांदा आलीस. आईने तुला चहा दिला आणि मुद्दाम त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. हे मला नंतर समजलं, तोवर मीही एक घोट घेतला होता. ती तुला म्हणाली, "चहा बरा झालाय ना गं?" तू कप खाली ठेवलास आणि शांतपणे म्हणालीस, "छान झालाय." आम्ही तिघांनी एकदम तुझ्या कानांकडे बघितलं. छटाकला हसू आवरेना, तो उठून मागच्या दारी गेला आणि तिथे भिंतीला धरून हसला. आईने तोंडाला पदर लावला. मीही हसलो, आणि तू बिचारी आमच्या तोंडाकडे बघत राहिलीस. "काय झालं, काय झालं?" असं तू दोनदा विचारलंस. पुढेही कितीतरी वर्षं विचारत होतीस.

कुणी सांगितलं नाही. तिघांचं आपसांत ठरलं होतं. आता ठरवणाऱ्यांपैकी मी एकटाच राहिलोय, म्हणून सांगून टाकलं.

तुझा,
बाबा